टेबलावरचं टेबलावर

त्र्यंबकराव निळेकरांविषयी लिहायचं तर पहिल्यांदाच सांगून मोकळा होतो: मला हा माणूस आवडत नव्हता. आता तो नाही, मीही फार दिवस असेन असं नाही, तरीही आवडत नाही. त्यांच्यावर चार बरे शब्द लिहून द्या म्हणून लातूरहून त्यांच्या नातवाचं पत्र आलंय. नातवाची काही चूक नाही. त्यानं आजोबा पाहिले ते आरामखुर्चीतले, पोरांना खडीसाखर वाटणारे. मी पाहिले ते नांदेडच्या स्टेशनजवळ, सोराबशेठच्या हॉटेलात, पांढऱ्या चादरीच्या टेबलामागे बसलेले. त्या टेबलावर त्यांनी माणसं कशी गिळली ते मलाच ठाऊक आहे, कारण दर वेळी त्यांच्या डाव्या हाताच्या खुर्चीत मी होतो.

त्र्यंबकराव निजामाच्या राज्यात मोहतमीम तालीमात होते, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी. मी त्यांचा पेशकार. साहेबांच्या मिसली बांधायच्या, आलेल्या दरखास्ती वाचून दाखवायच्या, उर्दूत हुकूम लिहून पुढे सरकवायचा आणि दस्तखत होईपर्यंत उभं राहायचं, हे माझं काम. त्या काळी मराठी शाळा काढायची म्हणजे खाऊ नव्हता. सरकारी इजाजत लागे, आणि इजाजत म्हणजे त्र्यंबकरावांची सही. अक्षर मात्र मोत्यासारखं होतं, उर्दू असो की मोडी. एवढं एक कौतुक करतो आणि पुढे जातो.

लोक सांगतात, त्यांनी कधी लाच खाल्ली नाही. खरं आहे, मी साक्षीदार आहे. एकदा उमरीच्या एका व्यापाऱ्यानं तुपाचा डबा घरी पाठवला तर तो त्यांनी भर उन्हात चपराशाच्या डोक्यावर देऊन परत धाडला. मला कधी कधी वाटतं, खाल्ली असती तर फार बरं झालं असतं. लाचखाऊ माणसाला एकदा दिलं की तो विसरतो. त्र्यंबकराव कुणालाच विसरत नसत.

सोराबशेठचं हॉटेल हा त्या वेळी नांदेडात चमत्कारच होता. शेठ पारशी, दारूचा परवाना बापापासूनचा. दुसरी मोठी लढाई सुरू झाल्यावर त्यांना इनास सापडला. इनास गोव्याचा. इटलीच्या एका बोटीवर त्यानं अर्धं आयुष्य स्वयंपाक केला होता. लढाईमुळे बोट बंद पडली आणि हा माणूस रिकामा झाला. शेठनं त्याला उचलून आणलं, स्टेशनसमोरच्या बंगल्यात टेबलं मांडली, बागेत दिव्याचे खांब रोवले, आणि बघता बघता गिरणीचे मॅनेजर, रेल्वेचे साहेब, जागीरदारांचे लेक, हैदराबादहून दौऱ्यावर आलेले अंमलदार असे सगळे तिथं पडीक झाले. शुक्रवार सुट्टीचा दिवस. शुक्रवारी दुपारी तिथं खुर्ची मिळायची नाही. बर्फ सिकंदराबादहून भुशात गुंडाळून गाडीनं यायचा. शेठ स्वतः चांदीच्या डब्यात दोन-तीन प्रकारची दारू आणि बर्फ घालून खळखळ हलवायचा, लांब देठाच्या ग्लासात ओतायचा आणि वर संत्र्याची साल पिळायचा. साहेबलोक त्याला कॉकटेल म्हणत. गावात त्याला मिक्चर म्हणत, कारण आम्हाला हलवून प्यायची एकच गोष्ट ठाऊक होती, ती सरकारी दवाखान्यातली.

आणि इनासचं जेवण! खोटं कशाला बोलू, तसं जेवण मी पुन्हा जेवलो नाही. मैद्याच्या नळ्या तो हातानं वळायचा, त्यावर टमाट्याचा लालभडक रस्सा, वर किसलेलं चीज. कसल्या कसल्या पाल्याचा वास सुटायचा. तुळशीच्या चुलत घराण्यातला एक पाला त्यानं बागेत कुंडीत लावला होता आणि त्याला तो कुणाला हात लावू देत नसे. माणूस मनानं साधा, आपल्या कामावर जीव टाकणारा. त्याच्या कामाचा पुढे काय उपयोग केला जायचा हे त्याला शेवटपर्यंत कळलं नसावं.

त्र्यंबकराव बाराच्या ठोक्याला यायचे. काळी शेरवानी गळ्यापर्यंत बंद, रुमी टोपी, कानात अत्तराचा फाया. बुटकी, गोरी मूर्ती, चालणं इतकं हलकं की मागून आले तर कळायचं नाही. कोपऱ्यातलं टेबल त्यांचं. बसले की हातरुमाल उलगडून मांडीवर, मग काटा-चमचा सरळ रेषेत, मग पाहुण्याचाही काटा-चमचा सरळ रेषेत. पाहुणा दर शुक्रवारी नवा असे. कुणी शाळेची इजाजत मागायला आलेला, कुणी बदली रद्द करून घ्यायला, कुणी साहेबांशी भांडण काढून बसलेला आणि आता मिटवायला आलेला. ते सगळ्यांना एकच सांगत, "कचेरीत काय बोलणार? शुक्रवारी आमच्यासोबत जेवा." नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती.

आता यातली खरी गंमत सांगतो. पाहुण्यापुढे एकामागून एक ताटल्या यायच्या, आणि साहेबांपुढे यायचा चांदीचा छोटा डबा. घरचा. आत दहीभात, पहाटे आंघोळ करून त्यांच्या आईनं सोवळ्यात केलेला. त्यांच्या ग्लासात लाल रंग असायचा, वर संत्र्याची साल असायची, पण ते डाळिंबाचं सरबत. "हकीमसाहेबांनी पथ्य सांगितलंय," असं म्हणून हसायचे. कसलं पथ्य आणि कसला हकीम! त्या हॉटेलात इतकी वर्षं बसून या माणसानं तिथलं अन्न जिभेला लावलं नाही. दुसऱ्याला मात्र आग्रह करकरून खाऊ घातलं.

कशासाठी, ते जेवण संपल्यावर कळायचं. ताटल्या उचलल्या गेल्या की साहेब दोन बोटांनी टेबलावर टकटक करायचे. "इनासला बोलवा." इनास हात पुशीत यायचा, चेहरा फुललेला. साहेब विचारायचे, "बोला इनास, आमच्या पाहुण्यांनी काय काय खाल्लं? नीट सांगा, त्यांना फार आवडलंय." मग इनास एकेक पदार्थ सांगायचा, कशात काय, कुठल्या जनावराचं काय, कुठली दारू किती. त्याला वाटायचं साहेब मोठे कदरदान. मी पाहुण्याच्या चेहऱ्याकडे बघत नसे. टेबलावरच्या चादरीला हिरवी नक्षी होती, तिच्याकडे बघायचो.

पाहुणा पुरता गार पडला की साहेब पुढे वाकून, अगदी मायेनं, त्याच्या हातावर हात ठेवीत. "घाबरू नका. टेबलावरचं टेबलावर राहील."

पुढे काय व्हायचं ते कुणी विचारू नये. काही व्हायचं नाही. साहेब काही मागत नसत. फक्त महिन्या-दोन महिन्यांनी त्या माणसाची गाठ पडली की म्हणत, "सासूबाई कशा आहेत? त्यांना आमचा नमस्कार सांगा." बस, एवढंच. माणूस जन्माचा ताब्यात.

लातूरचे एक वकील होते, रामभाऊ. जिभेला हाड नसलेला माणूस, कोर्टात भले भले त्यांना बिचकून असत. त्र्यंबकरावांनी एका हेडमास्तराची रातोरात बदली केली म्हणून रामभाऊंनी थेट हैदराबादला तक्रार गुदरली होती. साहेबांनी त्यांना जेवायला बोलावलं. रामभाऊ पक्के. कांदासुद्धा खात नाही म्हणाले, फक्त गोड घेईन. इनासनं केकचे तुकडे थरावर थर रचून, वर दुधाची घट्ट साय ओतून काहीतरी केलं होतं. रामभाऊंनी तीनदा मागून घेतलं. वर म्हणाले, "आमच्या घरच्या बासुंदीला मागं टाकलं हो!" मग टकटक झाली. इनास आला आणि सांगू लागला की केक आदल्या दिवसापासून ब्रँडीत भिजत ठेवावा लागतो, अंडी इतकी, आणि दुसरी एक लाल दारू असते ती वरून. रामभाऊंचे सासरे लातुरात मोठे वैदिक, घरात रोज अग्नी. तक्रार आठ दिवसांत परत घेतली गेली. त्यानंतर मी रामभाऊंना कोर्टात पाहिलं, तो आवाज राहिला नव्हता.

माझंही झालं होतं. लपवत नाही. नोकरीला लागून चार दिवस झाले होते. साहेब म्हणाले, "चला पेशकारसाहेब, आज आमच्याबरोबर." मला कोण आनंद! घेवड्याच्या दाण्यांचं, भाज्यांचं दाट कढण होतं. आमच्या घरच्या आमटीच्या जवळचं वाटलं, मी दोन वाट्या प्यालो. त्यात डुकराची चरबी होती. माझी आई विधवा, एकभुक्त, हातानं दळून खाणारी. माझ्याशिवाय तिला कुणी नव्हतं आणि तिच्या सोवळ्याशिवाय तिच्याजवळ काही नव्हतं. तेव्हापासून दर महिन्याला साहेब मिसलीतून मान वर न करता विचारायचे, "आई कशा आहेत?" मी म्हणायचो, "बऱ्या आहेत." आणि ते लिहायला सांगतील ते लिहायचो.

कुणी सांगतं, त्यांचा बाप फार कडक होता, लहानपणी सोवळ्यात शिवले म्हणून उन्हात उभं करायचा. असेल. मला त्याचं काय? उन्हात उभी राहिलेली दुसरीही पोरं मी पाहिली आहेत.

आता मन्मथ मास्तरांचं सांगतो. खरं म्हणजे त्यांच्यासाठीच हे लिहायला घेतलं, नातवाला काय वाटायचं ते वाटो.

देगलूरच्या वाटेवर बाजाराचं एक गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण ती शाळा आजही चालू आहे. गावात लिंगायत व्यापाऱ्यांची वस्ती मोठी, मठ जुना. मन्मथ मास्तर तिथले. उंच, वाळकुडे, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, गळ्यात दोऱ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, पायात टायरच्या चपला. मुलींसाठी मराठी शाळा काढायची हे त्यांच्या डोक्यात बसलं होतं. दारोदार फिरून त्यांनी पंचवीस-तीस बापांना राजी केलं. मठाच्या स्वामींनी सभामंडप दिला. बाजारातल्या पाच वजनदार माणसांची कमिटी झाली. सगळं तयार, फक्त इजाजत नाही. दरखास्त आमच्या कचेरीत आठ महिने पडून होती. मास्तर दर पंधरा दिवसांनी यायचे, दाराशी चपला काढून उभे राहायचे. "पेशकारसाहेब, आमचा कागद कुठवर आला?" मी म्हणायचो, "साहेबांपुढे आहे." ते म्हणायचे, "हाव, हाव. येतो मंग." कधी आवाज चढला नाही की त्रागा केला नाही. ते न रागावणंच साहेबांना खटकलं असावं. एकदा त्यांनी आतून पाहिलं, मला विचारलं, "हा भस्मवाला कोण?" मी सांगितलं. म्हणाले, "शुक्रवारी जेवायला सांगा. तिथंच दस्तखत करू."

मी तो निरोप दिला. मास्तरांचा चेहरा उजळला. मला तिथंच सांगता आलं असतं, की मास्तर, येऊ नका, किंवा या आणि पाण्याचा घोटसुद्धा घेऊ नका. कॉरिडॉरमध्ये आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "बारा वाजता या. उशीर करू नका."

शुक्रवारी मास्तर धुतलेलं धोतर नेसून आले. पूजा करून निघाले होते, सोबत आपला पाण्याचा तांब्या. खुर्चीच्या अगदी कडेला बसले. साहेबांनी काटा-चमचा सरळ करून दिला. शेठनं मिक्चरचा ग्लास आणला, मास्तरांनी हात जोडले. साहेब लगेच म्हणाले, "नाही हो शेठ, मास्तरांना कसलं देता? न्या ते." नळ्यांची ताटली आली. मास्तरांनी विचारलं, "ह्यात अंडं असतंय का, साहेब?"

"असतं," साहेब म्हणाले. "तुम्ही नका खाऊ."

कढण आलं. मास्तरांनी विचारलं. साहेब म्हणाले, "त्यातही गडबड आहे, राहू द्या." दोनदा खरं सांगितलं. मी आजवर त्यांचे पुष्कळ डाव पाहिले होते, पण हा नवा होता. मास्तरांचे खांदे सैल पडलेले मला दिसले. "साहेब, तुम्ही लई सांभाळून घेऊन राहिले आमाला," ते म्हणाले.

मग इनासनं स्वतःच्या हातानं ताटली आणली. भात. पिवळाधमक, केशराचा वास सुटलेला, ओलसर, वाफाळता. आमच्याकडे लग्नात केशरी भात करतात तसाच दिसणारा, फक्त गोड नाही. साहेब म्हणाले, "भात तरी चालेल ना? उपाशी माणसासमोर मी दस्तखत करणार नाही बुवा." आणि तोंड फिरवून बाजूला उभ्या सोराबशेठशी गिरणीच्या भोंग्याबद्दल बोलू लागले.

तो भात कसा होतो ते मला ठाऊक होतं. इनासला तो करताना मी उभा राहून पाहिलं होतं. जनावराच्या हाडाच्या नळीतला मगज लोण्यात परतायचा, त्यावर तांदूळ, आणि मग पाण्याऐवजी हाडांचा उकळता रस पळी-पळीनं घालत ढवळत राहायचं. मास्तरांना हे कुठून कळणार? आमच्या मुलखात भात पाण्यात शिजतो. आमटीत काय आहे, भाजीत काय आहे, हे माणूस विचारतो. भाताला कुणी विचारत नाही. तरीसुद्धा मास्तरांना काहीतरी वाटलं असावं. ते माझ्याकडे किंचित झुकले आणि हळूच म्हणाले, "पेशकारसाहेब, ह्यो भात हाय नव्हं? निव्वळ भात?"

साहेबांची पाठ आमच्याकडे होती. मी आईचा विचार केला. खोटं बोलत नाही, मला त्या क्षणी फक्त आईच दिसली, जात्यापाशी बसलेली. मी म्हणालो, "भात आहे."

मास्तरांनी गळ्यातल्या डबीला हात लावून तो डोळ्यांना लावला. चमचा बाजूला ठेवला आणि हातानं जेवले. त्यांच्यात अन्न टाकत नाहीत, शिवाला दाखवलेला प्रसाद असतो तो. शेवटचं शीत त्यांनी बोटानं टिपून घेतलं, ताटलीत तांब्यातलं थोडं पाणी घालून तेही प्यायले. साहेब वळून बघत होते, कौतुकानं.

मग साहेबांनी शेरवानीतून कागद काढला. माझ्याच अक्षरातला हुकूम. टाक मागवला, झोकदार दस्तखत केली, मोहर उमटवली, कागद मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांनी तो कपाळाला लावला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "लेकी शिकतील, साहेब," एवढंच म्हणाले.

साहेबांची दोन बोटं टेबलावर पडली. टकटक. "इनासला बोलवा."

इनास आला. बोलला. मोठ्या प्रेमानं बोलला, मगज कसा ताजा लागतो, रस रात्रभर कसा उकळावा लागतो, बोटीवरच्या कप्तानाला हा भात किती आवडायचा. मी हिरवी नक्षी बघत होतो. मास्तर उठले, नळावर गेले, चुळा भरल्या, परत आले आणि खुर्चीमागे उभे राहिले. कपाळावर भस्म होतं, तेवढंच पांढरं खाली सगळ्या चेहऱ्यावर पसरलं होतं.

साहेबांनी नेहमीसारखा हात पुढे केला. "घाबरू नका, मास्तर. टेबलावरचं टेबलावर राहील."

"न्हाई साहेब," मास्तर म्हणाले. "टेबलावर कसं राहील? ते माझ्या पोटात हाय."

साहेब हसले. "कुणाला कळणार नाही म्हणतो मी."

"मला कळलंय की. आज जाऊन स्वामींस्नी सांगतो."

मी त्र्यंबकरावांचा चेहरा कधी नव्हे तो उतरलेला पाहिला. आजवर त्या टेबलावरून प्रत्येक माणूस तोंड लपवून गेला होता. हा माणूस उघड्या तोंडानं निघाला होता, आणि साहेबांच्या हातात काहीच उरत नव्हतं. ते खेकसले, "सांगाल तर शाळा जाईल तुमची! मठात पाय ठेवू देतील का?"

"मला न देवोत. कागदावर माझं नाव न्हाई, कमिटीचं हाय. शाळा लेकींची हाय." मास्तरांनी कागद घडी करून छातीशी ठेवला, तांब्या उचलला. दारापर्यंत मी त्यांच्या मागे गेलो, का ते मलाही सांगता येणार नाही. ते वळले आणि म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, पेशकारसाहेब. तुमाला तरी कुठं ठावं असणार."

तेवढं एक वाक्य ते बोलले नसते तर बरं झालं असतं.

स्वामींनी त्यांना शुद्ध करून घेतलं, पुन्हा दीक्षा दिली. स्वामी भले होते. पण बाजारातली पाच वजनदार माणसं तेवढी भली नव्हती. ज्यानं हाडाचा रस प्याला त्याच्या हाताखाली आमच्या मुली कशा बसवायच्या, मठाच्या मंडपात तो कसा वावरणार, असं त्यांनी ठरवलं. शाळा सुरू झाली, मास्तर दुसरे आले. मन्मथ मास्तर शिरूर अनंतपाळला गेले. तिथं कुणाच्या तरी ओसरीवर शेतकऱ्यांच्या पोरांना पाढे शिकवायचे, असं ऐकलं. आपल्या शाळेत ते कधी आले नाहीत. त्यांना कुणी बोलावलंही नाही. एका उन्हाळ्यात तिथंच वारले.

निजामी गेली. सोराबशेठ हॉटेल विकून मुंबईला गेले, इनास गोव्याला. बंगल्यात लाकडाची वखार झाली. माझी आई वारली, शेवटपर्यंत शुद्ध, त्या दोन वाट्यांची गोष्ट न कळता. त्र्यंबकरावांनी मात्र आठवड्यात शेरवानी उतरवली आणि खादीचा कोट शिवला. नव्या सरकारातही त्यांची सही तितकीच सुंदर होती. पेन्शन घेऊन ते लातूरला राहायला गेले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच शाळेत. शाळेला पंचवीस वर्षं झाली होती. इमारत स्वतःची, पक्की. हॉलमध्ये काचेच्या चौकटीत तो इजाजतीचा कागद लावलेला, माझं अक्षर, खाली त्यांची सही. ज्यांच्या दस्तखतीनं ही गंगा गावात आली ते प्रमुख पाहुणे म्हणून त्र्यंबकराव व्यासपीठावर होते. शाल, श्रीफळ, हार. भाषणात कुणीतरी म्हणालं की निजामी अमलात एका मराठी अधिकाऱ्यानं केवढी हिंमत दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मन्मथ मास्तरांचं नाव कुणी घेतलं नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उठून मी बोलू शकत होतो. नाही बोललो. सवय झालेली असते माणसाला.

नंतर पंगत बसली. मला त्यांच्या शेजारी बसवलं, जुने सहकारी म्हणून. ते फार वाळले होते, मान हलत होती, दात गेले होते. घरचा डबा नव्हता. आई गेली, बायको गेली, सूनबाईंना वेळ नसावा. समोर वाढलेलं ते मुकाट्यानं खात होते. मला वाटलं, या माणसाला आता काही आठवत नसेल. खरं सांगतो, थोडी कीवही आली.

दहावीतली एक मुलगी भाताचं पातेलं घेऊन आली. पांढरा भात, वरून वरण. त्र्यंबकराव किंचित माझ्याकडे झुकले, आवाज हळू केला, आणि देगलूरकडच्या बोलीत, मास्तरांचाच सूर हुबेहूब लावून म्हणाले, "पेशकारसाहेब, ह्यो भात हाय नव्हं? निव्वळ भात?"

माझा हात पानावर थांबला.

"शेठशी बोलत होतो," ते आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "पण कान तुमच्याकडे होता. तुम्ही त्यांना नुसतं नाही म्हणाला असता ना, तर मी ताटली उचलायला लावणार होतो. तुमच्यावर सोडलं होतं मी."

खरं होतं की माझ्यावर टाकलेला शेवटचा डाव होता, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. वीस वर्षं मी रोज उलटसुलट करून पाहतो. खोटं असेल तर त्यांच्याइतका नीच माणूस मी पाहिला नाही. आणि खरं असेल तर दुसरा एक पाहिला आहे, रोज सकाळी दाढी करताना पाहतो.

मुलगी पळी धरून उभी होती. "आजोबा, वाढू का भात?" तिनं मला विचारलं.

"वाढ बाळ, वाढ," माझ्याऐवजी त्र्यंबकरावच म्हणाले. "पाण्यात शिजवलेला आहे. खातील ते."